हाकेच्या पलीकडे: दुर्गम डोंगरी वस्तीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कसं उभारावं

शहरातल्या प्रथमोपचाराच्या वर्गात एक वाक्य हमखास येतं: "आणि लगेच ॲम्ब्युलन्सला फोन करा." पुढचं मग ॲम्ब्युलन्सवाले बघतात. डोंगरातल्या वस्तीत फोन लागायलाच तासभर चढून धारेवर जावं लागतं, आणि गाडी जिथवर येते तिथपर्यंत पेशंटला खांद्यावरून न्यावं लागतं. शहरातला धडा जिथे संपतो तिथे इथला सुरू होतो.

दवाखान्यातल्या पक्क्या उपचारापर्यंत पोचायला एका तासाहून जास्त वेळ लागत असेल, तर तिथे जे करायचं त्याला साधारणपणे 'वाइल्डरनेस फर्स्ट एड' म्हणतात. त्याचे कोर्स मुळात गिर्यारोहक आणि भटक्यांसाठी बेतलेले आहेत. छोटा कोर्स १६ तासांच्या आसपासचा, मोठा म्हणजे 'फर्स्ट रिस्पॉन्डर'चा ७० ते ८० तासांचा. तो कोर्स जसाच्या तसा उचलून वस्तीत नेला की फसतो. मी स्वतः फसले आहे. माझ्या पहिल्या शिबिरात मी हिमदंश शिकवला, दोरावर लटकलेल्या माणसाला कसं उतरवायचं ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका आजीबाईंनी विचारलं, "बाई, पोरानं उकळतं पाणी अंगावर ओढून घेतलं तर काय करायचं, ते कधी सांगणार?" माझ्या तीन दिवसांच्या वेळापत्रकात भाजण्याला पंधरा मिनिटं होती, तीही शेवटच्या दिवशी.

त्यानंतर मी वेळापत्रक घरून लिहून न्यायचं बंद केलं.

आधी घड्याळ घेऊन चाला

शिबिराच्या महिनाभर आधी वस्तीवर एकदा राहून या. सगळ्यात लांबच्या घरापासून गाडीरस्त्यापर्यंत चालत जा आणि वेळ लिहा. मग तीच वाट सहा जणांनी एका माणसाला उचलून चाला, निदान तिचा सगळ्यात अवघड तुकडा तरी. मोकळ्या हातांनी दोन तासांची वाट ओझ्यानिशी पाच-सहा तास खाते, हे तेव्हा पायांना कळतं. ओढा कुठे अडवतो, कोणत्या महिन्यात वाट बंद पडते, रेंज नेमकी कुठल्या दगडावर येते, रात्री कोणाची गाडी मिळू शकते, सगळं टिपा.

दवाखान्याची चौकशी स्वतः करा. सर्वांत जवळचा दवाखाना हाच योग्य असेल असं नाही. सर्पविषावरचं प्रतिविष (अँटीव्हेनम) आहे का? रक्त मिळतं का? सिझेरियन होतं का? रात्री कोण असतं? चार तास उचलून आणलेल्या पेशंटला दारातून पुढे पाठवतात, तेव्हा ते चार तास उलट्या दिशेने गेलेले असू शकतात.

मग गावातल्या आठ-दहा जाणत्या माणसांना बसवून गेल्या पाच वर्षांत काय काय घडलं ते आठवायला लावा: कोण पडलं, कोणाला चावलं, कोण बाळंतपणात अडली, कोण वाटेत गेलं. बायकांची बैठक वेगळी घ्या, कारण पुरुषांच्या यादीत बाळंतपणं आणि लहान पोरांचे जुलाब सहसा येतच नाहीत. ही यादी म्हणजे तुमचा अभ्यासक्रम. शेजारच्या दोन वस्त्यांच्या याद्यासुद्धा सारख्या निघत नाहीत.

माणसं कोणती घ्यायची

हौशी, चपळ, शिकलेले तरुण आपसूक पुढे येतात. त्यातले निम्मे वर्षभरात कामासाठी खाली निघून जातात. म्हणून माझी पहिली कसोटी एवढीच: वर्षाचे बारा महिने आणि दिवसाचे चोवीस तास हा माणूस कुठे असतो? गुरांमागे जाणारी बाई, शाळेतला स्वयंपाक करणारी, वस्तीवरच राहणारा शिक्षक, रोज खाली-वर करणारा दूधवाला ही माणसं अपघाताच्या जागी आधीच हजर असतात. प्रत्येक वाडीतून किमान दोघं घ्या, त्यातली एक बाई. अंगावरची जखम शोधायची म्हणजे कपडे सैल करावे लागतात, आणि बाईला बाईने तपासणं सगळ्यांनाच सोपं जातं.

वस्तीत झाडपाला देणारे, हाडं बसवणारे कोणी असतील तर त्यांना आधी भेटा आणि शिबिराला बोलवा. त्यांना टाळलं तर पेशंट आधी त्यांच्याकडे जाईल आणि मग तुमच्याकडे, तास वाया घालवून. एका वस्तीत हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानेच माझ्याहून चांगली कामट्यांची फळी बांधून दाखवली. त्याला फक्त एक नवी गोष्ट शिकायची होती: बांधण्याआधी आणि बांधल्यावर बोटांकडे बघणं.

एका तुकडीत बारा ते अठरा माणसं, आणि दर सहा जणांमागे एक शिकवणारा. याहून मोठा घोळका असेल तर ते भाषण होतं. लिहिता-वाचता न येणं आड येत नाही, येऊ देऊ नका.

सगळ्या शिकवणीवर एखाद्या डॉक्टरची नजर हवी. स्वयंसेवकाने काय करायचं आणि कुठे थांबायचं हे त्यांनी लेखी मान्य केलेलं असावं. मदत करणाऱ्याला तुमच्या भागातला कायदा कितपत संरक्षण देतो आणि औषध देण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही आधीच तपासा. पहिल्या दिवशी हा प्रश्न येतोच.

साध्या माणसांना हे शिकवावं का, ही शंका जुनी आहे. १८७८ मध्ये इंग्लंडमधल्या वुलिच इथे पीटर शेफर्ड या लष्करी सर्जनने सामान्य नागरिकांना प्रथमोपचाराचे धडे दिले. डॉक्टरी ज्ञान असं वाटून टाकावं का, यावर तेव्हाही भुवया उंचावल्या होत्या. पुढच्या काही वर्षांत ते वर्ग खाणींपर्यंत आणि रेल्वेपर्यंत पोचले, कारण अपघात तिथे व्हायचे.

पहिला तास: थांबायला शिकवा

मी पहिला धडा बोलून देत नाही. एका सहकाऱ्याला उतारावर निजवते आणि "पाय मोडला, वाचवा" असं ओरडायला लावते. सगळे धावतात. वर झुडपामागे लपलेला दुसरा सहकारी तेवढ्यात कापडाचे चेंडू सोडतो. ज्यांना चेंडू लागतो त्यांनी तिथेच आडवं व्हायचं. मिनिटाभरात एका पेशंटचे पाच पेशंट होतात. हसू ओसरलं की मग सांगायचं: पोचण्याआधी थांबा, वर बघा, खाली बघा, पायाखाली बघा. दगड, पाणी, वीज, साप, आग, चवताळलेलं जनावर. मग हातमोजे. ते नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर. मगच पेशंट.

पुढे क्रम येतो. इंग्रजीत त्याचे अक्षरी मंत्र आहेत, आपल्याकडे ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत. मी हाताच्या बोटांवर मोजायला लावते. अंगठा: मोठं रक्त. तर्जनी: श्वासाची वाट. मधलं बोट: छातीचा भाता. अनामिका: नाडी. करंगळी: थंडी. एका शिबिरात बायकांनी त्याचं जात्यावरच्या चालीत गाणं केलं, आणि वर्षभराने गेले तेव्हा शाळेतली पोरंसुद्धा ते म्हणत होती. अंगठ्याला वाहतं रक्त सापडलं तर तर्जनीकडे जायचं नाही, आधी रक्त थांबवायचं. क्रमात उडी नाही.

शुद्ध किती आहे हेही चार पायऱ्यांनी: स्वतःहून बोलतो, हाकेला ओ देतो, चिमट्याला हलतो, कशालाच नाही. 'बेशुद्ध' हा शब्द मी वापरू देत नाही. त्यात गुंगीपासून मरणापर्यंत सगळं मावतं, आणि खालच्या डॉक्टरला त्यावरून काहीच कळत नाही.

रक्त

या भागाला मी अख्खी सकाळ देते. योग्य जागी हात नेमका दाबला गेला तर बहुतेक जखमांतलं रक्त थांबतं, आणि इथे चूक एकच असते: माणसं दर मिनिटाला कापड उचलून बघतात. म्हणून घड्याळ लावून दहा मिनिटं दाबायला लावा, उशीवर का होईना. दहा मिनिटं किती लांब असतात ते कळू दे. चौथ्या मिनिटाला खांदे थरथरतात. मग कोपर सरळ ठेवून अंगाचा भार कसा टाकायचा ते आपोआप सापडतं. रक्त वरून झिरपलं तर वरवर कापडांचे थर चढवण्याआधी आपला हात बरोबर रक्त येतंय तिथेच आहे का, ते बघायचं. खोल जखमेत स्वच्छ कापड बोटाने आत ठासायचं आणि वरून दाबायचं.

हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर टूर्निके, म्हणजे रक्त अडवायला आवळून बांधायची पट्टी. सुतळी, वायर, बुटाची लेस कधीही नाही. ती मांस कापते आणि रक्त थांबवत नाही. चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी, जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटर, सांध्यावर नाही. गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळायचं. पेशंट कळवळेल, ते ठरलेलंच आहे. वेळ कपाळावर किंवा पट्टीवर पेनने लिहायची. साधारण दोन तासांपर्यंत अवयवाला धोका कमी असतो, पुढे तो वाढत जातो. म्हणून टूर्निके बांधलेला पेशंट डोलीत सगळ्यांत आधी. वाटेत ती 'जरा सैल करून' बघायची नाही.

रक्त थांबलं की जखम धुणं. शहरात हे दवाखान्यावर सोडतात, इथे आठ तास घाण आत बसून राहते. पिण्यायोग्य पाणी, कमीत कमी एक लिटर, प्लास्टिकच्या पिशवीच्या कोपऱ्याला बारीक भोक पाडून पिचकारीसारखं मारायचं. टूर्निकेने थांबवलेली जखम मात्र उघडून धूत बसायचं नाही. जनावर चावलं असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं, आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी खाली. कुत्रं ओळखीचं असलं तरी.

थंडी

थंडी फक्त बर्फातच मारते हा समज आधी काढा. पावसात भिजलेला, रक्त गेलेला, चार तास ओल्या जमिनीवर पडलेला माणूस उन्हाळ्यातल्या रात्रीही गारठतो, आणि गारठलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही. जखमी माणूस उबेत ठेवणं हा रक्त थांबवण्याचाच भाग आहे.

बांधणी अशी शिकवा. खाली प्लास्टिकचा मोठा कागद पसरा. त्यावर जाड थर: ब्लँकेट, गवत, पोती, जे असेल ते. वरून येणाऱ्या थंडीपेक्षा जमीन जास्त ऊब ओढते, म्हणून खाली दुप्पट. आडोशाला ओले कपडे काढून, नाहीतर कापून, पेशंटला मधोमध ठेवा. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीवर आणि काखेत, उघड्या कातडीला लावून नाही. मग ब्लँकेटची एक बाजू अंगावरून घेऊन पाठीखाली खोचा, दुसरी तिच्यावरून, पायाकडचं टोक वर दुमडा, डोक्याला टोपी, आणि शेवटी प्लास्टिक. तोंड उघडं, आणि जखमेपाशी हात घालता येईल अशी एक फट. बांधून झालं की स्वयंसेवकालाच त्यात दहा मिनिटं निजवा. पाठीखाली राहिलेला एक खडा केवढा टोचतो आणि नाकावर आलेलं प्लास्टिक किती घाबरवतं, हे आत निजल्याशिवाय कळत नाही.

कुडकुडणारा, शुद्धीवर असलेला माणूस: आडोसा, कोरडे कपडे, गोड गरम पेय, आणि अर्धा तास तरी बसून. लगेच चालवू नका. कुडकुडणं थांबलं, जीभ जड झाली, बोलण्यात घोळ व्हायला लागला तर तो बरा होतोय असं समजू नका, तो खोल चाललाय. आता आडवंच ठेवायचं, काचेचं भांडं उचलतो तसं हळुवार हलवायचं, तोंडाने काही द्यायचं नाही, हातपाय चोळायचे नाहीत. गारठून निपचित पडलेल्याची नाडी आणि श्वास पूर्ण एक मिनिट तपासायचा, कारण दोन्ही फार मंद असतात. १९९९ मध्ये नॉर्वेत स्कीइंग करणारी एक तरुणी गोठलेल्या ओढ्यात ८० मिनिटं अडकली होती. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंश सेल्सियसपर्यंत उतरलं होतं, आणि ती वाचली. हे उदाहरण मी प्रत्येक शिबिरात सांगते. थंडगार झालेल्या माणसावर चादर ओढायची घाई गावात फार असते.

बाकीचं, थोडक्यात

हाडांना अर्धा दिवस पुरतो. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा दोन्ही जखडायचे, मधल्या पोकळ्या कापडाने भरायच्या. बांधण्याआधी आणि नंतर बोटांचा रंग, ऊब, स्पर्श, हालचाल बघायची, आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा, कारण सूज वाढते आणि सकाळची सैल पट्टी दुपारी फास होते. उंचावरून पडलेला, मान किंवा पाठ दुखणारा, हातापायात मुंग्या असणारा पेशंट मणक्याचा समजून एकसंध हलवायचा.

डोक्याला मार लागलेल्यावर रात्रभर नजर ठेवा. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी गुंगी, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या, यातलं एक जरी दिसलं तरी अंधारातही निघायचं.

साप: कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठ्या-कडी काढा, अवयव फळी बांधून स्थिर करा, पेशंटला चालवू नका, चावल्याची वेळ लिहा, उचला आणि निघा. विषावर प्रतिविष हाच खरा उपाय, बाकी सगळं वेळ वाचवण्यासाठी. काही सापांसाठी रुंद पट्टीने दाब देऊन बांधतात, पण ते सगळीकडे चालत नाही. तुमच्या भागातल्या सापांचं बघून डॉक्टरने सांगितलं तरच शिकवा. सापाला मारायला माणसं पाठवू नका, दुसरा पेशंट तिथेच तयार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर वर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं सर्पदंशाने मरतात. त्यातले बहुतेक शेतात आणि रानात राबणारे गरीब.

भाजणं: वाहतं गार पाणी, २० मिनिटं. बर्फ नाही, लेप नाही. लहान मूल गारठत नाही ना ते बघत राहा. (आजीबाईंचा प्रश्न मी आता पहिल्या दिवशीच घेते.)

जुलाब: ओआरएसची पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा प्रत्येकाच्या घरचा वेगळा असतो, म्हणून सगळ्यांना आपापला चमचा आणायला सांगा आणि तिथेच मोजा. मीठ जास्त झालं तर ते घातक.

वीज पडून अनेक जण कोसळले तर नेहमीचा नियम उलटा: जे ओरडतायत ते वाचतील, जे निपचित आहेत त्यांच्याकडे आधी. हृदय पुन्हा चालू होतं पण श्वास बंदच राहतो, असं त्यांच्यात घडतं, म्हणून तोंडाने दिलेला श्वास इथे जीव वाचवतो. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं: ३० दाब, २ श्वास, दाब मिनिटाला १०० ते १२०, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली. पण खरं सांगून ठेवा: मोठ्या मारामुळे हृदय थांबलेला पेशंट डोंगरात क्वचित परततो. अनेक ठिकाणच्या नियमांत ३० मिनिटं करून काहीच हाती लागलं नाही तर थांबायची मुभा आहे, गारठलेला पेशंट सोडून. ही मुभा आधी कानावर पडलेली नसेल तर स्वयंसेवक वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहतो.

वस्ती २५०० मीटरच्या वर असेल तर उंचीचा आजार घ्या. डोकेदुखी आणि मळमळ झाली तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप किंवा सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता न येणं दिसलं तर लगेच खाली, रात्र असली तरी. बाहेरून आलेला पाहुणाच यात सापडतो असं नाही. काही महिने खाली राहून परतलेला गावकरीही सापडतो.

बाळंतपण हा वेगळाच विषय आहे आणि त्यासाठी नर्सबाईंनाच आणा. मी फक्त एवढं घेते: बाळ लगेच कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर, दोघांवर पांघरूण, वार आली तरी रक्त थांबत नसेल तर बेंबीखाली पोट चोळून पिशवी आवळायला लावायची, बाळ अंगावर घ्यायचं, आणि उचलायची तयारी वार पडायची वाट न बघता.

मधले तास

शिबिरांतून नेमकं हेच गळतं. पट्टी बांधून झाली, आता सहा तास काय? उत्तर कागदावर आहे. वेळ, शुद्ध, श्वास, नाडी, काय दिलं, काय बदललं, असे रकाने. पेशंट गंभीर असेल तर दर पंधरा मिनिटांनी. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०, नाडी ६० ते १००. पण एका आकड्यापेक्षा आकडे कुठे चाललेत ते बघायचं. नाडी ९०, १००, ११५ अशी चढत असेल तर आत कुठेतरी रक्त जात असू शकतं. एका वस्तीतल्या मावशींना लिहिता येत नव्हतं. त्यांनी प्रत्येक वेळी नाडीच्या दर दहा ठोक्यांना एक अशा उभ्या रेघा कोळशाने फळीवर ओढल्या. रेघांची रांग लांबत चालल्याचं त्यांना दिसलं, आणि त्यांनी उजाडायची वाट न बघता डोली हलवली.

शिवाय कूस बदलणं, लघवी कशी आणि किती झाली, तहान, तोंड ओलं ठेवणं, पेशंटशी बोलत राहणं. शुद्ध हरपली असून श्वास चालू असेल तर कुशीवर. आणि एक माणूस असा, ज्याचं काम बाकीच्या नातेवाइकांना जरा लांब बसवणं एवढंच.

निरोप आणि डोली

निरोप लेखी, आणि दोघांजवळ. शिबिरात कानगोष्टींचा खेळ घ्या: "उजव्या मांडीचं हाड, टूर्निके सव्वादहा" हे सातव्या कानापर्यंत काय होतं ते बघा. चिठ्ठीत पेशंट कुठे आहे, काय घडलं, आत्ता कसा आहे (वेळेसह), काय केलं, काय हवंय आणि आम्ही थांबतोय की निघतोय. शेवटचं विसरलं तर दोन तुकड्या दोन वाटांनी एकमेकींना चुकवतात.

रेंज नसेल तर डोंगरातली जुनी खूण शिकवा: शिट्टी किंवा बॅटरी, मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, आणि पुन्हा. उत्तर मिनिटात तीन वेळा. क्लिंटन डेंट या ब्रिटिश सर्जन-गिर्यारोहकाने १८९४ मध्ये ही सुचवली, आणि ती अजून चालते. हेलिकॉप्टर येणार असेल तर दोन्ही हात वर म्हणजे 'हो, मदत हवी'. एक हात वर, एक खाली म्हणजे 'नको'. उत्साहाने एक हात हलवणाऱ्याला पायलट 'नको' समजतो.

डोलीला एका वेळी सहा माणसं, आणि लांब वाटेला निदान तीन तुकड्या. दर दहा-पंधरा मिनिटांनी बदली, दमायच्या आधी. डोकं शक्यतो चढाच्या बाजूला. पेशंटच्या तोंडाकडे बघणारा एक जण, जो ओझं उचलत नाही. पुढे वाट बघणारा एक. हुकूम एकाचाच.

रात्रीची तालीम

शिबिराचा शेवट परीक्षेने करू नका. शेवटच्या रात्री, कोणाला न सांगता, जेवणं झाल्यावर तालीम. पाऊस असेल तर उत्तम. ओढ्याकाठी पेशंट, जवळ एक घाबरलेला नातेवाईक (हे काम गावातल्या नकलाकाराला द्या, तो जीव ओततो), आणि वाटेवर बॅटरी संपलेला एक टॉर्च. दिवसा सुंदर गाठी मारणाऱ्यांचे हात अंधारात अडतात. पेटी आणायला चार जण जातात आणि पेशंटजवळ कोणीच उरत नाही. पेशंटने वेळ विचारली तर कोणाकडे घड्याळ नसतं. हे सगळं झाल्यावर तिथेच बसून बोला. आधी पेशंट झालेला बोलेल. "मला कोणी सांगितलंच नाही की काय चाललंय" हे मी जवळजवळ प्रत्येक तालमीनंतर ऐकलं आहे.

पेटी, आणि शिबिर संपल्यावर

दान म्हणून येणाऱ्या पेट्यांत गोळ्या, मलमं, कात्र्यांचे तीन आकार असतात आणि गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) संपलेलं असतं. मला हवं ते एवढं: भरपूर गॉज आणि रुंद पट्ट्या, त्रिकोणी पट्ट्या, एक खरी टूर्निके, हातमोजे, प्लास्टिकचा मोठा कागद, ओआरएस, कात्री, शिट्टी, हेडटॉर्च आणि वेगळ्या ठेवलेल्या बॅटऱ्या, पेन आणि रकान्यांचे कागद. जलरोधक पिशवीत, कुलूप नाही, आणि जागा सगळ्या वस्तीला माहीत. एका गावात पेटी कुलपात होती आणि किल्ली लग्नाला गेली होती.

सीपीआरसारखं कौशल्य तीन ते सहा महिन्यांतच हातातून निसटायला लागतं. दोन-तीन वर्षांनी होणाऱ्या उजळणीवर भिस्त ठेवू नका. दर महिन्याला अर्धा तास, एकच गोष्ट: या महिन्यात टूर्निके, पुढच्या महिन्यात गुंडाळणं. गावातल्याच दोघांना शिकवायला तयार करा, म्हणजे तुम्ही आला नाहीत तरी अर्धा तास होईल. दर सहा महिन्यांनी एक रात्रीची तालीम.

प्रत्येक खऱ्या घटनेनंतर आठवड्याच्या आत कोणीतरी त्या स्वयंसेवकाकडे जायला हवं, विशेषतः पेशंट गेला असेल तर. चौकशी समितीसारखं नाही. बसायचं, काय काय झालं ते त्याला सांगू द्यायचं, कागद एकत्र बघायचा. त्याला झोप लागत नसेल, परत पेटीला हात लावावासा वाटत नसेल, तर ते ऐकून घ्यायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. दवाखान्यातून पेशंटचं पुढे काय झालं ते कळवून घ्यायची व्यवस्था आधीच करून ठेवा. डोलीला खांदा दिलेल्या अठरा जणांना ते कोणी सांगतच नाही.

जाताना पिशवीत नवं गॉज घेऊन जा. त्या रात्री वापरलेलं अजून भरलेलं नसतं.